शरियत बदलायची कोणी?

ठाणे महापालिकेच्या विवाह नोंदणी कार्यालयात 2023 मध्ये एक जोडपं नोंदणीसाठी आलं. नवरा मुसलमान, नवरी अल्जिरियाची, आणि नवऱ्याचं हे तिसरं लग्न. कार्यालयाने नोंद करायला नकार दिला. राज्याच्या 1998 च्या विवाह नोंदणी कायद्यात एकाच लग्नाची नोंद बसते, असं त्याचं म्हणणं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. ऑक्टोबर 2024 मध्ये न्या. कुलाबावाला आणि न्या. सुंदरेसन यांच्या खंडपीठाने महापालिकेचं म्हणणं खोडून काढलं. मुसलमान पुरुषाला त्याचा वैयक्तिक कायदा एका वेळी चार लग्नांची मुभा देतो आणि 1998 चा कायदा ती काढून घेत नाही, असं न्यायालय म्हणालं. शिवाय याच कार्यालयाने याच गृहस्थांच्या दुसऱ्या लग्नाची नोंद आधी बिनतक्रार केली होती, हेही निदर्शनाला आलं. ती दुसरी बायको मोरोक्कोची.

बातमी वाचून लोकांनी आपापल्या मतांप्रमाणे नाकं मुरडली किंवा मान डोलावली. गंमत मात्र वेगळीच होती. मोरोक्कोत 2004 च्या कुटुंब कायद्यानुसार दुसरं लग्न करायचं तर न्यायाधीशाची परवानगी लागते, आणि ती सहजासहजी मिळत नाही. अल्जिरियातही 2005 च्या दुरुस्तीनंतर न्यायालयाची मंजुरी आणि आधीच्या बायकोची संमती लागते. शेजारच्या ट्युनिशियाने तर 1956 मध्येच बहुपत्नीत्व गुन्हा ठरवलं. म्हणजे दोन्ही बायकांच्या माहेरच्या मुस्लिम देशांत जे लग्न अवघड होतं, त्याला इथल्या वैयक्तिक कायद्यात अडथळाच नव्हता, आणि नोंदणीची अडचणही न्यायालयाने दूर केली.

या तिन्ही देशांनी कायदे बदलताना आपण इस्लाम सोडला असं म्हटलेलं नाही. ट्युनिशियाच्या कायद्याचं समर्थन करणाऱ्यांनी कुराणाच्याच सूरह निसाचा आधार घेतला. तिच्या तिसऱ्या आयतीत चार लग्नांची मुभा आहे, पण सगळ्या बायकांना समान न्याय देण्याच्या अटीवर. त्याच सूरहच्या एकशे एकोणतिसाव्या आयतीत असं आहे की, कितीही मनात आणलं तरी असा न्याय माणसाला जमणार नाही. दोन्ही आयती जोडून वाचल्या तर मुभा आपोआप गळते, हा सुधारकांचा युक्तिवाद. पारंपरिक उलेमा म्हणतात, दुसरी आयत मनाच्या ओढीबद्दल आहे. खर्च, घर, मुक्काम यांत समान वागणूक शक्य आहे आणि मुभा कायम आहे. दोघांच्या हातात ग्रंथ एकच आहे. ‘मुसलमानांचं मत काय?’ हा प्रश्न म्हणूनच मुळात चुकीचा.

हे पाहायला ठाण्याच्या पलीकडे फार लांब जायला नको. विठ्ठलवाडीहून कल्याणमार्गे मुंब्र्यापर्यंत लोकलने जेमतेम अर्ध्या तासाचा पल्ला. वाकडी वाट करून भिवंडी धरली, तर एवढ्याशा टापूत इस्लामी कायद्याच्या तीन-चार परंपरा नांदताना दिसतात. कल्याणच्या जुन्या वस्तीतले कोकणी मुसलमान शाफई पंथाचे. अरबी समुद्रावरून आलेल्या व्यापाऱ्यांबरोबर हा पंथ किनाऱ्याला लागला. भिवंडीच्या मागांवर उत्तर प्रदेशातून आलेला मोमीन-अन्सारी समाज हनफी. त्यांच्यातही देवबंदी आणि बरेलवी निराळे, आणि अहल-ए-हदीस त्याहून निराळे. दाऊदी बोहरा आणि खोजा शिया, तेही वेगवेगळ्या शाखांचे. मुंब्रा 1992-93 च्या मुंबईच्या दंगलींनंतर झपाट्याने वाढलं, तिथे हे सगळे एकाच जिन्याने चढतात-उतरतात.

हा फरक नमाजात हात कुठे बांधायचे एवढ्यापुरता नाही. एका बैठकीत तीनदा तलाक म्हटला, तर पारंपरिक हनफी मतानुसार तलाक पुरा झाला. अहल-ए-हदीसच्या मते ते तीन मिळून एकच, म्हणजे इद्दतीच्या (तलाकनंतरच्या प्रतीक्षाकाळाच्या) मुदतीत नवरा बायकोला परत घेऊ शकतो. शियांच्या जाफरी कायद्यात तलाकला दोन साक्षीदार लागतात आणि असा झटपट तलाक लागूच पडत नाही. एकाच इमारतीत एकाच रात्री तीन नवऱ्यांनी रागाच्या भरात तेच शब्द उच्चारले, तर सकाळी तीन बायकांची स्थिती तीन प्रकारची. पश्चात्ताप झालेला हनफी नवरा हलालाची (बायकोने मध्ये दुसऱ्याशी लग्न करून सुटून यायची) नामुष्की टाळायला अहल-ए-हदीस मुफ्तीकडून फतवा आणतो, हेही काही नवलाचं नाही.

पंथ बदलून कायदा बदलण्याची ही युक्ती फार जुनी आहे, आणि तिचा एक गाजलेला खटला मुंबईतच झाला. शाफई मतानुसार कुमारिकेच्या लग्नाला वलीची, म्हणजे बाप किंवा पालकाची संमती लागते. हनफी मतानुसार सज्ञान स्त्री स्वतःचं लग्न स्वतः ठरवू शकते. पारकर आणि रोघे या कोकणी घराण्यांमधला असा वाद 1864 मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. शाफई घरात जन्मलेली वयात आलेली मुलगी हनफी पंथ स्वीकारून बापाच्या संमतीवाचून लग्न करू शकते, असा निकाल लागला. धर्म तोच, फक्त पंथाचा दरवाजा बदलला आणि मुलीला नवरा निवडता आला. आज ज्याला सुधारणा म्हणतात ते काम तेव्हा इस्लामी कायद्याच्या आतल्या आतच उरकलं.

त्याआधीचा, 1847 चा खोजा-मेमन खटला याच्या अगदी उलट. मुंबईतल्या खोजा मुलींनी बापाच्या मालमत्तेत कुराणाप्रमाणे वाटा मागितला. न्यायाधीश सर अर्स्किन पेरी यांनी ठरवलं की, हे लोक मुसलमान असले तरी वारशाच्या बाबतीत हिंदूंसारखी रूढी पाळतात, आणि ती रूढी मुलींना वाटा देत नाही. मुली रिकाम्या हाती परतल्या. पुढे 1937 चा शरियत कायदा आला तो अशा रूढी मोडण्यासाठी. आज त्या कायद्याचं नाव काढलं की बायकांवरचा अन्याय आठवतो. त्या वेळी मात्र उलेमांइतकाच मुस्लिम बायकांच्या संघटनांचाही त्याला पाठिंबा होता, कारण रूढीत मुलीला शून्य होतं आणि शरियतेत मुलाच्या निम्मं का होईना, काहीतरी होतं. कायदेमंडळात त्याची बाजू लढवणारे जिना स्वतः खोजा. दत्तक आणि मृत्युपत्र या बाबी त्यांनी ऐच्छिक ठेवून घेतल्या आणि शेतजमीन कायद्याच्या बाहेरच राहिली. जमीनदारांच्या हिताला हात लावताना शरियतेचा आग्रह जरा सैल पडतो, हे तेव्हाही दिसलं.

इथे एक आडवाट. भारतातल्या न्यायालयांत ‘मुस्लिम कायदा’ म्हणून जे चालतं, ते बऱ्याच अंशी एका पारशी वकिलाच्या पुस्तकातून आलं आहे. मुंबईचे दिनशा मुल्ला यांचं ‘प्रिन्सिपल्स ऑफ महोमेडन लॉ’ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निघालं आणि अजून वकिलांच्या टेबलावर असतं. त्याच्याही आधी चार्ल्स हॅमिल्टनने 1791 मध्ये हनफी ग्रंथ ‘हिदाया’ इंग्रजीत आणला होता. मूळ परंपरेत काझी एका मताला अडला तर दुसऱ्या मताकडे वळू शकायचा. पोथीचं कलम झालं आणि ही लवचिकता गेली. ‘शरियत ईश्वरी, तिला हात लावायचा नाही’ असं म्हणणारे ज्या शरियतेचं रक्षण करतात, तिच्यावर कोलकाता-मुंबईच्या इंग्रजी छापखान्यांची शाई बरीच आहे.

उलेमांनी बदलाला कायम नकारच दिला, हेही खरं नाही. हनफी मतानुसार नवरा बेपत्ता झालेल्या बाईला नवऱ्याच्या वयाची नव्वदी उलटेपर्यंत वाट पाहावी लागे. नवरा नांदवत नसेल, तरी सुटका जवळजवळ नव्हती. पंजाबात काही बायका लग्न मोडायला धर्मच सोडू लागल्या, तेव्हा देवबंदचे मौलाना अशरफ अली थानवी अस्वस्थ झाले. त्यांनी मालिकी पंथाच्या विद्वानांशी पत्रव्यवहार केला आणि तिथली मतं उसनी घेऊन हनफी बायकांना सुटकेची वाट दाखवली. त्यातून 1939 चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा झाला. नवरा चार वर्षं बेपत्ता, दोन वर्षं पोटगी नाही, क्रूर वागणूक अशा कारणांवरून मुस्लिम स्त्री न्यायालयात तलाक मागू शकते ती याच कायद्याने. कुटुंब न्यायालयांत तो आजही रोज वापरात आहे. आतून बदल करायचा म्हणजे काय, याचं याहून चांगलं उदाहरण सापडणं कठीण.

मग भांडण कशाचं? बदल करायचा अधिकार कोणाचा, याचं. त्यावर महाराष्ट्राने जितकी टोकदार मतं पाहिली तितकी फार थोड्या प्रांतांनी पाहिली असतील.

असफ अली असगर फैजी 1899 मध्ये माथेरानला जन्मले. सुलेमानी बोहरा, तय्यबजींच्या गोतावळ्यातले, मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य. कायदा आणि धर्म वेगळे करा, असं त्यांनी ‘अ मॉडर्न अप्रोच टू इस्लाम’ या 1963 च्या पुस्तकात मांडलं. श्रद्धा माणसाच्या आत राहते, कायदा समाजाबरोबर बदलतो. फैजींचा आवाज ग्रंथालयातला होता. हमीद दलवाईंचा आवाज रस्त्यावरचा.

दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे, जन्म 1932 चा. कथा-कादंबरीकार म्हणून नाव झालेलं. 18 एप्रिल 1966 रोजी मुंबईत सात मुस्लिम बायकांचा मोर्चा त्यांनी सरकारच्या दारी नेला. पत्नी मेहरुन्निसा त्या सात जणींत होत्या. तोंडी तलाक, बहुपत्नीत्व आणि हलाला बंद करा, समान नागरी कायदा आणा, अशी मागणी होती. 22 मार्च 1970 रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ उभं राहिलं. नाव जोतिरावांच्या सत्यशोधक समाजावरून. दलवाई आयतींच्या अर्थात शिरले नाहीत. कुराणात काय आहे यावर विसाव्या शतकातला कायदा ठरू नये, ही त्यांची भूमिका. 1977 मध्ये ते गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे दफन न करता दहन झालं. त्यांच्यावर समाजातून प्रखर टीका झाली, अजून होते. टाळ्या वाजवणारे बहुतेक बाहेरचे, असा टोमणा त्यांना कायम ऐकावा लागला. तो सगळा खोटा नव्हता. पण सात बायकांनी रस्त्यावर उतरण्याची हिंमत तेवढ्याने कमी होत नाही. मंडळाचे सय्यदभाई आणि त्यांचे साथी 1985 मध्ये तलाक मुक्ती मोर्चा घेऊन कोल्हापूरहून निघाले, तेव्हाही वाटेत जागोजागी विरोध झाला.

असगर अली इंजिनिअर यांनी तिसरी वाट धरली. बोहरा आमिलाचा, म्हणजे स्थानिक धर्माधिकाऱ्याचा, हा मुलगा मुंबई महापालिकेत इंजिनिअर होता. बोहरा धर्मगुरूंच्या एकाधिकाराविरुद्ध 1972 पासून उदयपूरला जे बंड झालं, त्याचा तो आवाज बनला. इंजिनिअर म्हणत, कुराणाने स्त्रीला दिलेला न्याय नंतरच्या शतकांतल्या पुरुषी टीकाकारांनी झाकून टाकला. तो खणून काढला की कायदा आपोआप न्याय्य होतो. दलवाईंना हे भाबडं वाटलं असतं. इंजिनिअरांना दलवाईंची वाट समाजापासून तुटलेली वाटायची.

चौथी भूमिका अखिल भारतीय मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाची. हे बोर्ड हैदराबादला एप्रिल 1973 मध्ये स्थापन झालं, पण त्याची मुळं डिसेंबर 1972 च्या मुंबईतल्या अधिवेशनात आहेत. केंद्रात दत्तक विधेयक आलं होतं आणि कायदामंत्री ह. रा. गोखले यांनी ते समान नागरी कायद्याच्या दिशेचं पाऊल असल्याचं सुचवलं होतं. एरवी एकमेकांमागे नमाजालाही उभे न राहणारे देवबंदी, बरेलवी, अहल-ए-हदीस, शिया, बोहरा एका मांडवात आले ते त्यामुळे. बोर्डाचं म्हणणं सरळ आहे: बदल करायचा तर तो उलेमा करतील, संसद नाही. तलाकचे, खुल्याचे (बायकोने मागितलेल्या सुटकेचे) वाद शक्यतो दारुल कजात, म्हणजे उलेमांच्या निवाडा मंडळात, मिटवावेत. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2014 मध्ये स्पष्ट केलं की, अशा मंडळींचा फतवा कोणावर बंधनकारक नाही. कोणी स्वेच्छेने मानला तर मानला.

पोटगीवरून हे सगळे एकमेकांना भिडले. इंदूरच्या शाहबानोला पोटगी द्या, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 1985 मध्ये दिला. बोर्डाने देशभर रान उठवलं आणि राजीव गांधी सरकारने 1986 चा कायदा आणला. तो निकाल उलटवायला आणलेला हा कायदा 2001 च्या दानियाल लतिफी खटल्यात न्यायालयाने असा वाचला की, इद्दतीच्या मुदतीत नवऱ्याने बायकोच्या पुढच्या आयुष्याची वाजवी तरतूद करून द्यायची. जे पुढच्या दाराने काढलं ते मागच्या दाराने परत आलं! याचं ताजं उदाहरण दलवाईंच्याच तालुक्यातलं. चिपळूणच्या न्यायालयाने एका घटस्फोटितेला रक्कम मंजूर केली, खेडच्या सत्र न्यायालयाने ती वाढवून नऊ लाख केली. तिने मधल्या काळात पुन्हा लग्न केलं, म्हणून नवऱ्याने हरकत घेतली. जानेवारी 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती फेटाळली. हक्क तलाकच्या दिवशीच तयार झाला, नंतरच्या लग्नाने तो पुसला जात नाही.

तोंडी तलाकचंही असंच. तलाक दिला असं नुसतं म्हणून चालणार नाही, कारण आणि समेटाचा प्रयत्न सिद्ध करा, असं औरंगाबाद खंडपीठातल्या पूर्णपीठाने मे 2002 मध्येच म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तिहेरी तलाक ऑगस्ट 2017 मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी रद्द ठरवला. 2019 च्या कायद्याने तो तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा झाला. राज्यातल्या पहिल्या गुन्ह्यांपैकी एक त्याच ऑगस्टमध्ये मुंब्रा पोलीस ठाण्यात नोंदला गेला. तलाक व्हॉट्सॲपवर आला होता.

या कायद्यावर मुस्लिम बायकांमध्येच दुफळी पडली. मुंबईतून काम करणाऱ्या भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने 2015 च्या आपल्या पाहणीत दहा राज्यांतल्या 4,710 बायकांना विचारलं होतं. 92 टक्क्यांना तोंडी तलाक नको होता. नूरजहाँ साफिया नियाज आणि झकिया सोमण यांची ही संघटना कुराण हातात घेऊनच बोलते. तिच्या 2014 च्या मसुद्यात नवरीचं वय किमान अठरा, बहुपत्नीत्वाला बंदी, आणि मेहर (लग्नात नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम) नवऱ्याच्या किमान वर्षभराच्या कमाईइतकी, अशा तरतुदी आहेत. हाजी अलीच्या मजारीपर्यंत बायकांना जाता यावं म्हणून न्यायालयात जाणाऱ्या आणि 2016 मध्ये जिंकणाऱ्याही याच. मुंबईच्याच बेबाक कलेक्टिव्हच्या हसीना खान यांना तोंडी तलाक तितकाच नामंजूर. पण नवरा तुरुंगात गेला तर पोटगी कोण देणार, आणि एरवी दिवाणी असलेली बाब एकाच समाजासाठी फौजदारी का, हा त्यांचा सवाल. तिकडे बोर्डाच्या हाकेवर 2018 मध्ये मालेगावात आणि मग आझाद मैदानावर हजारो बुरखाधारी बायका तिहेरी तलाकच्या विधेयकाविरुद्ध उतरल्या. त्यांना पुरुषांनी आणून बसवलं असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. ज्यांच्या वस्तीत पोलीस शिरले की धडकी भरते, त्यांना घरातला झगडा पोलीस ठाण्यात न्यावासा न वाटणं हेही एक मतच आहे.

तलाक-निकाहाच्या गदारोळात शरियतेचा एक रोजचा प्रश्न झाकला जातो: बँकेचं व्याज. मुंब्र्यात वा कल्याणात फ्लॅट घ्यायचा तर गृहकर्ज आलं, आणि कर्जावर व्याज. इजिप्तचे मुफ्ती सय्यद तंतावी यांनी 1989 मध्ये सरकारी बचत प्रमाणपत्रांवरचा परतावा वैध ठरवला. युरोपातल्या फतवा परिषदेने 1999 मध्ये राहत्या घरासाठी गरजेपोटी कर्ज चालेल असं म्हटलं. भारतातले बहुतेक मुफ्ती इतके पुढे जात नाहीत. मग कोणी बचत खात्यावरचं व्याज काढून पुण्याची आशा न ठेवता गरिबाला देतं, कोणी ते तसंच सोडून देतं, कोणी मुकाट्याने हप्ता भरतं. मुंबई शेअर बाजाराने 2010 मध्ये शरियतेच्या निकषांत बसणाऱ्या कंपन्यांचा निर्देशांक काढला. दारू आणि व्याजावर चालणाऱ्या कंपन्या त्यात नाहीत. या प्रश्नावर मोर्चे निघत नाहीत. जो तो आपल्यापुरता मुफ्ती.

वारशाचंही बरंचसं असंच चाललं आहे. सुन्नी बापाला फक्त मुली असतील, तर त्यांना मिळून दोन तृतीयांश मिळतं आणि उरलेल्यात बायकोचा ठरलेला वाटा वजा जाता चुलते येतात. शिया कायद्यात मुली असताना चुलत्यांना जागा नाही. वारसांच्या संमतीवाचून मृत्युपत्राने एक तृतीयांशाहून जास्त देता येत नाही. म्हणून अनेक जण हयातीतच हिबा करतात, म्हणजे मुलींच्या नावे बक्षीस. हिब्याला देणं, स्वीकारणं आणि ताबा या तीन गोष्टी लागतात. बाप त्याच घरात राहत असेल तर ताबा दिला कसा, यावरून पुढे दावे होतात. केरळचे वकील-अभिनेते सी. शुक्कूर यांनी वेगळाच मार्ग काढला. 8 मार्च 2023 रोजी त्यांनी स्वतःच्याच बायकोशी 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली पुन्हा लग्न लावलं. आता भारतीय उत्तराधिकार कायद्याने सगळं त्यांची बायको आणि तीन मुली यांच्यातच राहील, चुलत्यांकडे जाणार नाही. तिथल्या एका फतवा मंडळाने याला शरियतेशी प्रतारणा म्हटलं. शुक्कूर म्हणाले, आपण मुसलमानच आहोत. कोकणात मात्र पुष्कळ घरांत वाद इतका लांबतच नाही. शरियतेने दिलेला निम्मा वाटाही बहीण हक्कसोडपत्रावर सही करून भावाला देऊन टाकते, शेजारच्या हिंदू घरातली बहीण देते तशीच, आणि त्या सहीला कोणताही मुफ्ती हरकत घेत नाही.